कोऱ्या कागदावर पहिली रेघ कुठून आणायची?



एक छोटा प्रयोग करून पाहा. वर्गात किंवा घरी मुलांच्या हातात कोरा कागद द्या आणि म्हणा, "काढा तुमच्या मनातलं काहीही." दोन मिनिटांत काय ऐकू येईल ते मी आत्ताच सांगते. "मॅडम, काय काढू?"

आणि पाच मिनिटांनी कागदावर काय असेल तेही सांगते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, समोरून वाहणारी नदी आणि बाजूला नारळाचं झाड. मी बीड जिल्ह्यात शिकवते. आमच्या गावात बाभूळ आहे, कडुलिंब आहे, बोर आहे, चिंच आहे. नारळ दिसतो तो देवळात फोडताना. तरी वर्गातली निम्मी पोरं नारळाचंच झाड काढतात. कारण ते कुणीतरी कधीतरी फळ्यावर काढून दिलेलं असतं आणि 'चित्र म्हणजे हे' असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

पण या मुलांची मला फारशी काळजी वाटत नाही. ती निदान काढतात तरी. काळजी वाटते त्या चार-पाच मुलांची, जी काहीच काढत नाहीत. एक रेघ मारतात, खोडतात. पुन्हा मारतात, पुन्हा खोडतात. शेवटी कागद मळतो, कधी फाटतो, आणि मूल खाली मान घालून म्हणतं, "मला येत नाही." तिसरी-चौथीतलं मूल 'मला येत नाही' म्हणायला शिकतं तेव्हा ते फक्त चित्रापुरतं राहत नाही. तेच वाक्य पुढे गणितात येतं, वाचनात येतं, सगळीकडे येतं.

आजचा लेख या मुलांसाठी आहे. विषय तसा छोटा आहे. नक्षीचित्र काढताना पहिली रेघ कुठून आणायची? पण या छोट्या विषयाने माझ्या वर्गात बरंच काही हललं, म्हणून लिहायला बसले.

आधी नक्षीचित्राबद्दल थोडंसं

तुमच्यापैकी काहींनी 'झेंटँगल' हे नाव ऐकलं असेल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात राहणाऱ्या रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या जोडीने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ही पद्धत बसवली. मारिया अक्षरांची कलाकार. एका मोठ्या अक्षरामागे बारीक नक्षी भरताना आपण वेळ विसरतो, मन शांत होतं, असं तिच्या लक्षात आलं. रिकने पूर्वी अनेक वर्षं साधूसारखं जीवन काढलेलं. तो म्हणाला की तू सांगतेस ते तर ध्यानच आहे. तिथून ही पद्धत तयार झाली.

पद्धत अगदी सोपी आहे. साडेतीन इंच बाय साडेतीन इंच, म्हणजे साधारण ९ सेंटिमीटरचा चौकोनी जाड कागद घ्यायचा. चार कोपऱ्यांत पेन्सिलने चार ठिपके द्यायचे. ते हलक्या हाताने जोडून चौकट करायची. मग चौकटीच्या आत पेन्सिलनेच एक फिकट रेघ फिरवायची. त्या रेघेमुळे कागदाचे तीन-चार-पाच तुकडे पडतात. आता काळं पेन घ्यायचं आणि एकेका तुकड्यात एकेक नक्षी भरत जायची. शेवटी पेन्सिलने थोडी छाया द्यायची. खोडरबर वापरायचं नाही. कागद फिरवत काढलं तरी चालतं, कारण या चित्राला वरची बाजू आणि खालची बाजू नसते.

नक्षी कशाची? ठिपका, सरळ रेघ, अर्धगोल, नागमोडी वळण आणि गोल. एवढ्या पाच गोष्टींतून सगळ्या नक्ष्या तयार होतात. पहिलीच्या बाईंना हे वाचून हसू येईल. लेखनपूर्व तयारीत आपण जूनमध्ये मुलांकडून हेच गिरवून घेतो की! म्हणजे ज्या मुलाला 'अ' काढता येतो त्याला नक्षी काढता येते.

साहित्याचा खर्चही नाही. बाजारातलं कार्डशीट २२ बाय २८ इंचाचं मिळतं. २२ इंचात साडेतीन इंचाचे ६ तुकडे बसतात (एक इंच उरतो) आणि २८ इंचात बरोबर ८. एका कार्डशीटमधून ४८ कागद. हा हिशोब चौथीच्या मुलांनाच करायला द्या, भागाकाराचा तास वेगळा घ्यायला नको. तेही नसेल तर जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू आहेच. आमच्याकडे लग्नसराईनंतर पत्रिकांचा ढीग पडतो. पेन साधं काळं जेलपेन चालतं.

रेघेला आमच्या वर्गाने दिलेलं नाव

त्या मधल्या पेन्सिलच्या रेघेला झेंटँगलवाले 'दोरी' अशा अर्थाचा शब्द वापरतात. मी वर्गात 'सुरुवातीची रेघ' म्हणत होते. पण दुसऱ्याच तासाला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, हे तर बांध झाले की. ह्या वावरात कापूस, ह्या वावरात तूर, ह्याच्यात सोयाबीन."

त्या दिवसापासून आमच्या वर्गात तिला बांधच म्हणतात. कागद म्हणजे वावर, रेघ म्हणजे बांध आणि नक्षी म्हणजे पीक. यापेक्षा चांगलं मला पुस्तकातूनही सांगता आलं नसतं. एकरभर मोकळं रान समोर असलं की माणूस कुठून सुरुवात करू म्हणून उभा राहतो. बांध पडले की प्रत्येक तुकड्याचं काय करायचं ते सुचतं.

आपल्या घरातल्या बायकांना हे आधीपासून माहीत आहे. दारात रांगोळी काढताना आधी ठिपके घालतात. ठिपके मोजून पडले की हात आपोआप चालतो. गवंडीसुद्धा भिंत उचलायच्या आधी दोरी ताणून बांधतो. मोडी लिपी लिहिणारे तर आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी शिरोरेषा ओढून घ्यायचे आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहायचे. आपण देवनागरीत शब्द लिहून वर रेघ देतो, त्यांची रेघ आधी. कोऱ्या कागदाची भीती कशी घालवायची ते आपल्या लोकांना चांगलंच ठाऊक होतं.

याबद्दल एक अभ्यासही झालेला आहे. २००५ साली करी आणि कॅसर या दोन अमेरिकन संशोधकांनी ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी थोडं अस्वस्थ केलं आणि मग त्यांचे तीन गट केले. एका गटाला रंगवायला मंडल दिलं, दुसऱ्याला आडव्या-उभ्या रेघांची चौकड्यांची नक्षी दिली आणि तिसऱ्याला नुसता कोरा कागद. पहिल्या दोन गटांची अस्वस्थता कोऱ्या कागदाच्या गटापेक्षा जास्त उतरली. मंडल आणि चौकडा यांत मात्र फारसा फरक नव्हता. एका अभ्यासावर सगळा भार टाकायचा नाही हे खरं. पण शिक्षकाला जे वर्गात दिसतं त्याच्याशी हे जुळतं. आधीच घाबरलेल्या मुलाला 'काहीही काढ' म्हणणं ही मोकळीक वाटत नाही, ते ओझं वाटतं.

मग अडचण कुठे आली?

अडचण अशी आली की तीन-चार तासांत बांधही ठरून गेले. सगळ्या वर्गाची एकच रेघ. इंग्रजी 'झेड'सारखी, नाहीतर एक मोठी फुली. नारळाच्या झाडाचं जे झालं तेच रेघेचं झालं. एकाने काढलं की बाकीच्यांनी पाहून काढलं. आणि ज्यांना 'येत नाही' ती मुलं आता रेघेपाशीच अडायला लागली. "मॅडम, रेघ कशी काढू?"

तेव्हा लक्षात आलं की मुलांना रेघ 'सुचायला' लावायचीच नाही. ती 'सापडायला' लावायची. सुचण्यात हुशार आणि ढ असा भेद पडतो. सापडण्यात पडत नाही. रस्त्यावर गोटी कुणालाही सापडते.

आम्ही ज्या जागी रेघा शोधल्या त्या खाली देते. यातल्या बऱ्याच मुलांनी स्वतः शोधल्या आहेत.

दोऱ्यात सापडलेली रेघ. शिवणाचा वीतभर दोरा घ्या. कागद जमिनीवर ठेवा. उभं राहून दोरा वरून सोडा. जसा पडेल तसा पेन्सिलने गिरवा. दोरा कागदाबाहेर गेला तर जाऊ द्या, जेवढा आत आहे तेवढाच आपला. मार्सेल द्युशाँ नावाच्या फ्रेंच कलाकाराने १९१३-१४ मध्ये नेमकं हेच केलं होतं. एक मीटर लांबीचा दोरा एक मीटर उंचीवरून कॅनव्हासवर सोडायचा, असं तीन वेळा केलं आणि दोरे पडले तसेच चिकटवून ठेवले. मुलांना हे सांगितलं की फार मजा वाटते. मोठमोठे कलाकार पण असंच करतात होय! 'मला येत नाही' म्हणणाऱ्या मुलासाठी ही पहिली पायरी सगळ्यात चांगली, कारण दोरा चुकीचा पडूच शकत नाही.

सावलीत सापडलेली रेघ. सकाळच्या शाळेत मैदानावर कडुलिंबाच्या फांदीची सावली पडते. कागद सावलीखाली धरायचा आणि कड गिरवायची. गंमत अशी की हळू हळू गिरवणाऱ्या मुलांची सावली पुढे सरकते. "मॅडम, सावली पळाली!" मग सावली का सरकते, दुपारी आखूड का होते, यावर बोलणं होतंच. परिसर अभ्यासाचा पाठ फुकटात.

जमिनीत आणि पानात सापडलेली रेघ. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. त्या भेगा पाहून काढलेल्या बांधांची चित्रं आमच्या वर्गातली सगळ्यात देखणी आहेत. पिंपळाच्या पानाच्या शिरा, बैलाच्या शिंगांचं वळण, भाकरीवरचे डाग, भिंतीचे पोपडे, सगळं चालतं. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना सल्ला दिला होता की डाग पडलेल्या भिंतींकडे टक लावून पाहा, त्यात डोंगर, नद्या, लढाया, चेहरे दिसतील. आपल्या शाळांच्या गळक्या भिंती या बाबतीत तरी उपयोगी पडतात.

नकाशात सापडलेली रेघ. चौथीनंतरच्या मुलांसाठी फार चांगली. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. नकाशावरून ती एक रेघ कागदावर उतरवा. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरीच आहे, त्यामुळे मुलं ती रेघ ओळखीची असल्यासारखी काढतात. वरच्या वावरात एक पीक, खालच्या वावरात दुसरं. कोकणातल्या शिक्षकांनी किनाऱ्याची रेघ घ्यावी, सह्याद्रीतल्यांनी डोंगराची.

अक्षरात सापडलेली रेघ. आपल्या नावाचं पहिलं अक्षर एवढं मोठं काढायचं की ते कागदात मावू नये. 'क'चे दोन पोट, 'ज'चं शेपूट, 'ळ'ची दोन गोळं, 'श'चं वळण. अक्षर ओळखू आलं नाही तरी चालतं. ज्या मुलांचा अक्षरांशी वाकडेपणा आहे त्यांना अक्षर आपलं वाटायला लागतं. माझ्या वर्गातला वाचनात मागे असलेला एक मुलगा 'भ' अक्षराचे बांध घालून अकरा कागद भरून बसला होता.

कानाने सापडलेली रेघ. डोळे मिटून एक मिनिट शांत बसायचं आणि जे ऐकू येईल त्याच्यासोबत पेन्सिल चालवायची. पिठाच्या गिरणीचा आवाज आला की रेघ थरथरते, होला घुमला की वळते, एसटी गेली की सरळ निघून जाते. सुरुवातीला पोरं हसतात. तिसऱ्या वेळेस हसत नाहीत. 'आनंददायी शनिवार'ला याचा उपयोग जरूर करून पाहा. हाच प्रकार श्वासावरही करता येतो. श्वास आत घेताना रेघ वर, सोडताना खाली. दहा श्वासांत एक बांध तयार.

डागात आणि खाडाखोडीत सापडलेली रेघ. रवींद्रनाथ टागोर कवितेच्या वहीत शब्द खोडायचे आणि खोडलेले शब्द एकमेकांना जोडून त्यांचे पक्षी, प्राणी, विचित्र आकार करायचे. १९२४ मध्ये अर्जेंटिनात असताना व्हिक्टोरिया ओकॅम्पो या लेखिकेने त्यांची 'पूरबी'च्या कवितांची अशी वही पाहिली आणि ती थक्क झाली. पुढे १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, त्यात तिचा मोठा हात होता. तेव्हा रवींद्रनाथ जवळजवळ सत्तरीचे होते. शुद्धलेखनाच्या वहीत खाडाखोड करणाऱ्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट सांगावी असं मला वाटतं. पेन गळून डाग पडला, कपाचा गोल उमटला, कागद दुमडून घडी पडली, तर कागद फेकायचा नाही. बांध आपोआप पडला म्हणायचं.

शेजाऱ्याने दिलेली रेघ. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. त्यांच्याकडे आलेल्या मुलांशी ते एक खेळ खेळायचे. ते कागदावर एक वेडीवाकडी रेघ मारायचे, मूल त्यातून काहीतरी बनवायचं. मग मुलाने रेघ मारायची आणि डॉक्टरांनी त्यातून काही बनवायचं. बोलायला न धजणारी मुलं या खेळात हळूहळू खुलायची. आम्ही वर्गात एवढंच करतो की डावीकडच्याने रेघ मारायची आणि कागद उजवीकडे द्यायचा. एकमेकांशी अबोला धरलेल्या दोन पोरींना मी मुद्दाम शेजारी बसवते, बाकी काही करत नाही.

एका रस्त्याची रेघ

आता ज्या मुलीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याबद्दल सांगते. नाव सांगत नाही.

बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. आई-वडील ऊसतोडीला जातात, ते पाच-सहा महिन्यांनी परत येतात. काही मुलं त्यांच्यासोबत जातात, काही मागे आजीजवळ राहतात. चौथीतली ही मुलगी त्या वर्षी पहिल्यांदाच मागे राहिली होती. त्याआधीचे हंगाम तिने आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या रानात काढलेले.

नोव्हेंबरपासून ती बोलेनाशी झाली. विचारलं तर मान हलवायची. अभ्यास करायची, डबा खायची, पण आवाज नाही. चित्राच्या तासाला पट्टी घेऊन कागदाच्या कडेने एक चौकट आखायची आणि थांबायची. चौकटीच्या आत काहीच नाही. दोरा दिला, सावली दाखवली, ती गिरवायची आणि नक्षी न भरताच कागद परत द्यायची.

डिसेंबरात एका शनिवारी मी सगळ्यांना सांगितलं, "आज घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता हाच आपला बांध." बाकीच्यांनी भराभर काढलं. ही बराच वेळ बसली आणि मग माझ्याजवळ आली.

"मॅडम, माझा रस्ता कागदात बसंना."

तिचं घर शाळेपासून चार मिनिटांवर आहे. पण मी काही विचारलं नाही. म्हटलं, "मग दुसरा कागद घे, शेजारी लाव."

तिने दुसरा घेतला. मग तिसरा. मग चौथा. रेघ एका कागदातून दुसऱ्या कागदात, तिथून तिसऱ्यात. सात कागद झाले तेव्हा ती थांबली. पुढचे दोन आठवडे ती मधल्या सुट्टीतही ते भरत होती. पहिल्या कागदात ठिपके. दुसऱ्यात जात्यासारखे गोल. चौथ्यापासून उभ्या उभ्या रेघा, दाट, एकमेकींना चिकटून. त्या रेघा म्हणजे ऊस. शेवटच्या कागदात ओळीने लहान लहान त्रिकोण. आमच्याकडे वाढलेल्या कुणालाही ते कळलं असतं. त्या कोप्या होत्या. ऊसतोड कामगार रानात राहतात त्या.

म्हणजे तिच्या घराचा रस्ता खरंच कागदात बसत नव्हता.

पालकांनो, मी असं अजिबात म्हणणार नाही की नक्षी काढली आणि मुलगी बरी झाली. तिचं दुःख आई जवळ नसण्याचं होतं आणि त्यावर कागद हा इलाज नाही. पण जानेवारीत ती शेजारणीला 'काळं पेन दे' म्हणाली. मग आपल्या सात कागदांतलं कुठलं पीक कसं काढायचं ते दुसरीच्या पोरांना शिकवायला लागली. तिची आजी पालकसभेला आली तेव्हा म्हणाली, "घरी बी कालनिर्णयाच्या मागं रेघोट्या वढीत बसती, पर आता बोलती."

एप्रिलमध्ये तिची आई परत आली आणि शाळेत आली. सातही कागद आम्ही भिंतीवर ओळीने लावलेले होते. आई बराच वेळ पाहत उभी राहिली. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही. तिने पाचव्या कागदावर बोट ठेवलं आणि लेकीला म्हणाली, "हितं पूल हाय. तो ऱ्हायला की."

मुलीने पेन घेतलं आणि भिंतीवरच्या कागदात पूल काढला.

आपण काय सांभाळायचं?

हे सगळं करताना मोठ्या माणसांनी काही गोष्टी सांभाळायला हव्यात. मला अनुभवातून वाटतं ते सांगते.

पहिली गोष्ट, "हे काय काढलंस?" असं विचारू नका. नक्षीचित्र कशाचंच नसतं, आणि असलंच तर मूल आपणहून सांगतं. विचारायचंच असेल तर "यातली सगळ्यात आधी कुठली जागा भरलीस?" असं विचारा. याचं उत्तर प्रत्येक मुलाकडे असतं.

दुसरी गोष्ट, याला श्रेणी देऊ नका. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत 'रस घेऊन काम करतो', 'शेवटपर्यंत पूर्ण करतो' एवढं लिहिता येतं. 'अ' श्रेणीचा बांध आणि 'ब' श्रेणीचा बांध असं झालं की मुलं पुन्हा पाहून काढायला लागतात.

तिसरी गोष्ट, रेघ फिकट हवी आणि पेन्सिलचीच हवी. नक्षी भरून झाली की ती दिसेनाशी होते. तिच्यावरूनच काढायला पाहिजे असंही नाही. एखादं पीक बांध ओलांडून पलीकडे गेलं तर भांडण नाही. शेतातल्या बांधावरून कोर्टात गेलेली माणसं गावात पुष्कळ आहेत, कागदावर तरी मोकळीक असू द्या.

चौथी गोष्ट, ज्याला नको त्याला सोडा. माझ्या वर्गातला एक मुलगा पाच मिनिटांत कंटाळतो आणि मैदानावर पळतो. त्याचं मन कबड्डीत शांत होतं. प्रत्येकाला कागदानेच शांत व्हायला पाहिजे असा काही नियम नाही.

पाचवी गोष्ट, वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या मारणाऱ्या मुलाला लगेच रागावू नका. ब्रिटनमधल्या जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञाने ४० लोकांना एक रटाळ निरोप ऐकवला होता. त्यातल्या निम्म्यांना ऐकताना कागदावरचे आकार भरत बसायला सांगितलं. पुढे आठवायला लावलं तेव्हा आकार भरणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. आपलं शिकवणं कधीकधी रटाळ होतंच, तेव्हा हे ध्यानात असलेलं बरं.

आणि शेवटची गोष्ट पालकांसाठी. संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून दहा मिनिटं मुलासोबत स्वतः बसा. मुलाला सांगा, "तू माझ्या कागदावर रेघ मार, मी तुझ्या कागदावर मारतो." मोठ्या माणसांनाही कोऱ्या कागदाची भीती वाटते हे मुलाला दिसू द्या. आमच्या पालकसभेत मी हे करून घेतलं. ट्रॅक्टर सरळ रेषेत चालवणाऱ्या एका बापाने पेन्सिल हातात धरून विचारलं, "मॅडम, काय काढू?" सगळी सभा हसली. त्याच्या लेकाने बापाच्या कागदावर एक वळणदार रेघ मारून दिली आणि म्हणाला, "आता भर."

तुमच्याकडे रेघा कुठे सापडतात? समुद्रकाठी, जंगलात, शहरातल्या चाळीत, कारखान्याच्या वसाहतीत आमच्यापेक्षा वेगळ्या सापडत असणार. येत्या शनिवारी मुलांना घेऊन शोधायला निघा. जाताना प्रत्येकाच्या खिशात एक पेन्सिल आणि एक चौकोनी कागद असला म्हणजे झालं.